रावेरची जीप आणि मागचा एक्सल: एका जुळणीचं प्रकरण

गाडी महिंद्राची सीजे-थ्रीबी. पेट्रोल, फोर-व्हील, उंच बोनेटची. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची बाग असलेल्या एका घरात ती वडिलांच्या काळापासून आहे. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात, इथेही तेच नाव पुरे. हे मॉडेल विलीजने अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनवलं आणि महिंद्राने परवान्यावर आपल्याकडे ते पुढेही बरीच वर्षं चालू ठेवलं. बोनेट एवढं उंच का, हा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्या रचनेने इंजिनच उंच झालं, मग बोनेटही वर गेलं.

ही गाडी प्रदर्शनात मांडायची नाही, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरले. पुतण्याचं म्हणणं होतं की गाडीला पन्नास वर्षं झाली की तिची व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी. २०२१च्या नियमांनी तशी सोय झाली आहे खरी, पण त्या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. अण्णांनी विषय तिथेच संपवला. पावसाळ्यात बागेकडे जाताना नाला लागतो, नाल्यापलीकडे काळी माती, आणि त्या चिखलात ट्रॅक्टर सोडला तर फक्त हीच गाडी जाते.

बिघाड

सुरुवात आवाजाने झाली. सावद्याच्या रस्त्याला अॅक्सिलरेटर दाबला की मागून घुंऽऽ असा सूर यायचा आणि पाय उचलला की तो पडायचा. पायाबरोबर बदलणारा आवाज असेल तर आधी क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चक्रांच्या, दातांवर संशय घ्यावा. पाय दाबा किंवा सोडा, वेगाबरोबर घरघर नुसती वाढतच जात असेल तर बेअरिंग. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण गाडी उघडण्याआधी दिशा मिळायला पुरेसा आहे. अण्णांनी एक हंगाम तो सूर ऐकत काढला. मग पावसात नाल्यातून वर चढताना मागे कडकड झालं आणि गाडी तिथेच थांबली.

ड्रेन प्लग उघडल्यावर ऑइलच्या जागी राखाडी ताक बाहेर आलं. एक्सलमध्ये पाणी शिरलं होतं, आणि ते शिरलं कसं हे समजून घेण्यासारखं आहे. एक्सलच्या नळीवर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतलं ऑइल आणि हवा तापते, फुगलेली हवा ब्रीदरमधून बाहेर पडते. तापलेला एक्सल अचानक नाल्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ओढ तयार होते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा बरीचशी त्याच वाटेने परत येते. तो चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या ओठाजवळून पाणी आत ओढलं जातं. अण्णांच्या गाडीचा ब्रीदर रंग आणि मातीने इतका लिंपला होता की तो आधी सापडलाच नाही. दरवर्षी नाला, दरवर्षी थोडं पाणी, आणि गिअर ऑइलची पातळी मात्र प्रत्येक वेळी बरोबर, कारण तेवढी जागा पाण्यानेच भरलेली. मिस्त्री पातळी बघत, रंग कुणी बघितला नाही.

आत क्राऊनचे सलग तीन दात गेले होते. पिनियनच्या बेअरिंगचे रोलर गंजून खडबडीत झाले होते. एवढंच असतं तर नवं क्राऊन-पिनियन टाकून भागलं असतं. पण तुटलेला दात मध्ये अडकला तेव्हा हाऊजिंगलाच, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या बिडाच्या खोक्यालाच, दणका बसला आणि बेअरिंग कॅपच्या बैठकीपाशी चीर गेली. ही चीर वेल्डिंगने भरता येईल असं सांगणारे भेटले. बिडाच्या त्या भागावर क्राऊनचा सगळा जोर येतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बैठक एका केसाने जरी हलली तरी दातांची जुळणी गेली. तिथे वेल्डिंग करू नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि आहे. म्हणजे आता अख्खा एक्सल लागणार, आणि तो जुनाच मिळणार.

बाजारात जाण्याआधी पुढचा एक्सल

इथे मिस्त्रींचा आणि माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं असं की जीपचा एक्सल म्हणजे जीपचा एक्सल, स्प्रिंगचे पाटे बसले आणि चाकं बसली की काम झालं. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या बोलण्याला निदान अर्धा आधार आहे. फोर-व्हील जीपमध्ये मागचा एक्सल ही जोडीतली अर्धी वस्तू असते. दुसरा अर्धा पुढे बसलेला आहे आणि काय विकत घ्यायचं ते तोच सांगतो.

पेट्रोल सीजे-थ्रीबीला मुळात ४३ दातांचं क्राऊन आणि ८ दातांचं पिनियन येतं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे (एक्सलला जोर पोचवणाऱ्या लांब दांड्याचे) ५.३७५ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. मिस्त्री या रेशोला ‘पाच अडतीस’ म्हणतात. नंतरच्या डिझेल जीपमध्ये ३९ आणि ८ दातांची जोडीही सर्रास मिळते, ती ४.८७५, बोलीत ‘चार अठ्ठ्याऐंशी’. बाहेरून दोन्ही एक्सल सारखेच दिसतात.

फरक फार वाटत नाही, म्हणून हिशेब करून बघू. फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना जोर वाटणारी गिअरची पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल, तर मागची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात पुढची चाकं ९१ मीटरांपेक्षा कमीच फिरू बघतात. उरलेल्या नऊ मीटरांचं काय? चिखलात टायर घसरून ते भरून निघतात, पण तेव्हा पुढची चाकं गाडीला ओढत नाहीत, ब्रेक लावतात. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागाच नाही, मग ताण शाफ्टमध्ये, त्याच्या टोकांच्या क्रॉस-सांध्यांमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दातांवर साठतो. फोर-व्हीलचा दांडा मग हाताने निघत नाही, आणि कुठेतरी काहीतरी तुटेपर्यंत हे चालतं.

मिस्त्री म्हणाले, “मग फोर-व्हील टाकूच नका.” डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या माणसाला हा सल्ला मीही देईन. त्याच इंजिन फेऱ्यांत ४.८८ची गाडी साधारण दहा टक्के जास्त वेगाने जाते, आणि महामार्गावर ५.३८ची जीप चालवणं म्हणजे कानाची परीक्षा असते. पण अण्णांची गाडी ज्या कामाला आहे ते कामच फोर-व्हीलचं.

पुढचा एक्सल खरंच मूळचा आहे का, हे गृहीत धरलं नाही. इतक्या वर्षांत कोणी काय बदललं असेल सांगता येत नाही. मोजण्याची पद्धत सोपी आहे. फोर-व्हीलचा दांडा मोकळा ठेवून पुढची दोन्ही चाकं उचलायची, प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारायची. एक चाक एका माणसाने घट्ट धरायचं आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं. डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या, रचनेमुळे एका चाकाचे दोन फेरे हे दोन्ही चाकांच्या एकेका फेऱ्याबरोबर होतात. शाफ्ट पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला. ४.८८ असता तर पाच पूर्ण व्हायला थोडा कमीच पडला असता. मधलं अंतर अर्ध्या फेऱ्याचं आहे, डोळ्याला सहज दिसतं. तुटलेल्या क्राऊनच्या कडेवरही ४३-८ ठोकलेलं होतंच, दोन्ही साक्षी जुळल्या.

तीन एक्सल

पहिला धुळ्याला मिळाला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे जुन्या गाड्यांचा माल तिथे येत राहतो. भंगारवाल्याने खात्रीने सांगितलं, “तुमनी गाडीले हाऊच बशी जाई, भाऊ.” किंमत कमी, नळ्या सरळ, ड्रमही चांगले. पण त्याचं डिफरन्शियल बरोबर मध्यावर होतं. तो काळी-पिवळी टॅक्सीतून निघालेला, टू-व्हील ड्राइव्ह जीपचा एक्सल. आपल्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस आहे आणि तिच्यातून मागचा शाफ्ट उजव्या अंगाने निघतो, म्हणून डिफरन्शियलही उजवीकडे सरकलेलं असतं आणि डावा एक्सल शाफ्ट उजव्यापेक्षा लांब असतो. ही गाडी आखूड, तिचा मागचा प्रोपेलर शाफ्ट तर फारच आखूड. तेवढ्या अंतरात शाफ्ट तिरका मध्यावर आणला तर क्रॉसचा कोन असा होतो की गाडी थरथरेल आणि क्रॉस टिकणार नाहीत. खानदेशात वडाप जीप इतक्या चालल्या की बाजारात सगळ्यात जास्त हाच माल दिसतो. फोर-व्हीलवाल्याने तो लांबूनच ओळखायला शिकावं: टेप लावा, डाव्या ड्रमपासून पिनियनच्या फ्लँजपर्यंत (शाफ्ट जिथे जोडला जातो तिथपर्यंत) आणि उजव्यापासून. अंतर सारखं आलं की पुढच्या दुकानात.

दुसरा भुसावळला. डिफरन्शियल उजवीकडे, पाट्यांच्या बैठकांमधलं अंतर जुळणारं, हातात फिरवला तर लोण्यासारखा नव्हे पण निःशब्द. काळा रंग नुकताच मारलेला. जुन्या मालावर ताजा रंग दिसला की मी आधी वेल्डिंग शोधतो. इथे वेल्डिंग नव्हतं, रंग नुसता गिऱ्हाइकासाठी होता. दोन फेऱ्यांची मोजणी केली: पाचाला थोडा कमी. ४.८८. मिस्त्रींना हाच हवा होता आणि त्यांना दोष देता येत नाही, तिघांत सर्वात धड तोच होता. एक वाट अशीही होती की हाऊजिंग याचं घ्यायचं आणि आत ५.३८चं क्राऊन-पिनियन बसवायचं. हा एक्सल डाना-४४ जातीचा. त्यात ३.९२ आणि त्यावरच्या सगळ्या रेशोंना डिफरन्शियलचा केस एकच चालतो, म्हणजे वस्तू बसली असती. पण मग पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण, दातांमधली मोकळीक, हे सगळं शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून पहिल्यापासून जुळवावं लागतं. ते करणारे हात आता थोडे उरलेत, आणि सुट्टं नवं ४३-८ जळगावच्या कुठल्याच दुकानात तयार नव्हतं.

तिसरा चोपड्याकडे, एका बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे, कडुनिंबाखाली. गंजलेला, एका बाजूचा शाफ्ट चावीच्या (लोखंडी पाचरीच्या) खाचेपाशी तुटलेला, ड्रम नाहीतच. या एक्सलचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने आणि मोठ्या नटाने बसतो. नट सैल राहिला की चावी हलते, खाच रुंदावते आणि शाफ्ट नेमका तिथेच जातो. विकणाऱ्याला तो एक्सल जागा अडवतो एवढंच माहीत होतं. मागच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची चकती होती, तारेच्या ब्रशने घासली तर ४३/८.

हाच घेतला.

मिस्त्री दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण कारण साधं आहे. गंज, तुटलेला शाफ्ट, नसलेले ड्रम, या सगळ्याला अण्णांकडे उत्तर होतं: त्यांच्या जुन्या एक्सलचे शाफ्ट, हब, ड्रम, ब्रेक प्लेटा शाबूत होत्या. ज्याला उत्तर नव्हतं ते म्हणजे रेशो आणि कारखान्यात झालेली दातांची जुळणी. ती या गंजक्या एक्सलच्या पोटात होती.

अर्थात पैसे देण्याआधी पोट उघडून पाहिलं. या जातीच्या एक्सलची ही मोठी सोय आहे: मागचं झाकण दहा बोल्टचं, ते काढलं की क्राऊन समोर दिसतं आणि आतल्या जुळणीला हात लागत नाही. ऑइल काळं आणि दाट होतं, पण पाण्याचा मागमूस नव्हता. ऑइलच्या वर राहिलेल्या दातांवर गंजाची पातळ पापुद्री होती, ती रॉकेलच्या फडक्याने निघाली आणि खाली धातू गुळगुळीत निघाला. बोटाच्या नखाला खड्डा लागला असता तर मी तिथेच सोडून दिला असता. क्राऊनच्या दाताला डायल गेज लावून चार ठिकाणी मोकळीक मोजली, ती आठ थाऊच्या (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास सगळीकडे सारखी आली. पाच ते नऊ चालते. आकडा जास्त येण्यापेक्षा तो ठिकठिकाणी वेगळा येणं वाईट, कारण मग क्राऊन वाकडं फिरतंय. शेवटी दातांना शेंदूर लावून पिनियन दोन्हीकडे फिरवलं. टच, म्हणजे दात दाताला घासल्याचा ठसा, दाताच्या मधोमध पडला, ना टोकाला ना मुळाशी. फ्लँज वर-खाली हलवून पाहिली, खेळ नव्हता.

नळ्या वाकल्या आहेत का, हे बसवल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो. दोन्ही टोकांना हब आणि रिम तात्पुरते बसवून, एक्सल घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून, रिमच्या कडांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. रिम वाकडी असेल तर फसगत होते, म्हणून रिम अर्धा फेरा फिरवून परत मोजायचं. सारखं आलं.

कागदाचंही सांगतो. एक्सलवर आरसीत लिहिलेला नंबर नसतो आणि तसाच एक्सल बसवल्याने नोंदणीतलं काही बदलत नाही. तरी ज्या गाडीतून तो निघाला तिचा नंबर लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घेतली. चोरीच्या गाड्यांचा माल याच वाटेने फिरतो.

बसवणं

जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असो वा नसो, गाडी मोकळी. हे माहीत नसलेला माणूस गाडीखाली झोपतो आणि गाडी चालायला लागते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावले, चेसिस घोड्यांवर घेतली, मग खाली गेलो.

जुने हब काढताना मिस्त्रींनी घण उचलला, तो खाली ठेवायला लावला. दोन्ही शाफ्टची आतली टोकं मध्ये एका ठोकळ्याला टेकलेली असतात. एका टोकावर घण मारला की दणका त्या ठोकळ्यातून पलीकडच्या बेअरिंगपर्यंत जातो. नट सैल करून पुलर ताणून ठेवला आणि रात्रभर तसाच सोडला. सकाळी एक हब आपोआप सुटलेला होता, दुसऱ्याला थोडी आच द्यावी लागली.

अण्णांच्या शाफ्टच्या टोकावरच्या लांबट खाचा, म्हणजे स्प्लाइन, नव्या एक्सलशी जुळतात का हे खरेदीच्या वेळीच मोजलं होतं. या जातीत १० स्प्लाइनचे जुने आणि १९चे नंतरचे शाफ्ट दोन्ही सापडतात. दोन्हीकडे १९ निघाले. चाकांचे बेअरिंग आणि सगळे ऑइल सील नवे घातले, पिनियनचं सीलही. पिनियनचा नट सोडायच्या आधी त्याची जागा खुणेने नोंदली आणि तो त्याच खुणेवर परत आवळला. शाफ्ट बदलल्यावर त्यांचा आत-बाहेर खेळ परत मोजावा लागतो. ब्रेक प्लेटांमागच्या शिमांनी तो दोन्ही शाफ्टचा मिळून जुळतो, कारण मध्ये तोच ठोकळा. हबच्या निमुळत्या बैठकीला ग्रीस लावायचं नाही, कोरडं आणि स्वच्छ बसवायचं. ग्रीस लावलं की हब घसरतो आणि सगळा जोर एकट्या चावीवर येतो. चोपड्याच्या एक्सलचा शाफ्ट बहुधा असाच गेला असावा.

पाटे एक्सलच्या खालून जातात. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट बसलं नाही तर एक्सल तिरका राहतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्याची चाल धरते. यू-बोल्ट नवे घेतले, जुने एकदा ताणले गेले की परत तसे धरत नाहीत. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केल्यावरच त्यांना शेवटचा आवळा दिला. ब्रेकचा होज नवा, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. नव्वद नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल फिलर प्लगच्या काठापर्यंत भरलं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीच्या आत सीटच्या मागे वर नेली. मूळ गाडीत हे नसतं, पण नाला मूळ गाडीला विचारून येत नाही.

नंतर

पहिले काही दिवस सावदा-फैजपूरच्या रस्त्याला रिकामी चालवली, मग यू-बोल्ट परत आवळले. एका बाजूचा अर्धा फेरा बसला. उताराला पाय सोडल्यावर पन्नासच्या पुढे बारीक सूर येतो. तो या एक्सलला बहुधा आधीपासून असावा. शेंदराचा टच पाहिला असल्याने त्याला हात लावला नाही.

पावसात फोर-व्हील टाकून नाला ओलांडला. चिखल संपल्यावर दांडा दोन बोटांनी निघाला. जुळत नसलेल्या रेशोने तो असा निघाला नसता. पाऊस संपल्यावर ड्रेन प्लगवर लोहचुंबक ठेवून थोडं ऑइल काढून पाहिलं: रंग मधाचा, चुंबकावर करडी पूड, तुकडे नाहीत. पुढच्या एक्सलचं ऑइलही त्याच दिवशी काढलं. त्यात पाणी थोडं होतं, म्हणजे त्याचा ब्रीदरही बुजलेला. ते काम मिस्त्रींनी स्वतःहून घेतलं आहे. भुसावळचा ४.८८ त्यांनी आपल्या एका टू-व्हील गिऱ्हाइकासाठी विचारून ठेवला होता, तोही मी नको म्हटला, डिफरन्शियल उजवीकडचं असल्यामुळे.